समजून घ्या : फ्रँचायझी घेतली म्हणजे एरिया आपला होतो का? रे क्रॉक यांचा अनुभव काय सांगतो?

रे क्रॉक मिल्कशेकचे मिक्सर विकायचे. पन्नाशीच्या आसपास, १९५४ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातलं मॅकडोनाल्ड बंधूंचं रेस्टॉरंट पाहिलं आणि देशभर फ्रँचायझी देण्याचे हक्क मिळवले. १९५५ मध्ये शिकागोजवळ डेस प्लेन्सला त्यांनी स्वतःचं पहिलं आउटलेट सुरू केलं. पण त्या कुक काउंटीचे हक्क बंधूंनी आधीच एका आइस्क्रीम कंपनीला ५ हजार डॉलरला विकले होते. ते सोडवायला क्रॉक यांना २५ हजार डॉलर मोजावे लागले.

क्रॉक शक्यतो मोठा एरिया कुणाला देत नसत. आधी एकच आउटलेट; ते नीट चालवलं तर पुढचं. अख्खं शहर एकाच्या हाती गेलं, की तिथे कंपनीचं फारसं चालत नाही. मालकाला मात्र उलटी भीती: शेजारी दुसरं आउटलेट आलं, की गिऱ्हाईक वाटलं जातं.

१९६१ मध्ये क्रॉक यांनी बंधूंकडून व्यवसाय २७ लाख डॉलरला घेतला. मूळ रेस्टॉरंट बंधूंकडे राहिलं, पण नाव गेलं. क्रॉक यांनी जवळच मॅकडोनाल्ड्स उघडलं. बंधूंचं रेस्टॉरंट काही वर्षांत बंद पडलं.

क्रॉक यांचं १९८४ मध्ये निधन झालं. फ्रँचायझी घेणाऱ्यासाठी मुद्दा तोच आहे : करारात लिहिलाय तेवढाच एरिया आपला.