यजमानपदाचा दुसरा रकाना

एका खंडातील राष्ट्रांना एका मैदानावर निमंत्रण देणे ही गोष्ट जितकी गौरवाची, तितकीच खर्चाची आहे. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला साहजिकच आधी जमाखर्च आठवतो. परंतु या हिशेबात पैशाखेरीज आणखी एक रकाना असतो. तो कोणता, हे गुरुदत्त सोंधी यांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही अंदाजपत्रकावरून होत नाही.

१८९० साली जन्मलेले सोंधी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्राध्यापक व पुढे प्राचार्य होते. १९३२ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९३४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत पश्चिम आशियाई स्पर्धा भरल्या. भारत, अफगाणिस्तान, सिलोन व पॅलेस्टाइन हे चारच देश आले. १९३८ ची तेल अवीव येथील नियोजित स्पर्धा तर झालीच नाही. तरीही सोंधींनी कल्पना सोडली नाही. १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी आशियाई प्रतिनिधींना एकत्र बसविले आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा महासंघ स्थापन झाला.

पहिली स्पर्धा १९५० मध्ये व्हावयाची होती. तयारी रखडली, स्पर्धा लांबणीवर पडली, आणि सूत्रे अँथनी डिमेलो यांच्याकडे गेली. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमच्या उभारणीशी त्यांचेच नाव निगडित आहे. निर्वासितांचे पुनर्वसन आणि अन्नधान्याची टंचाई यांनी ग्रासलेल्या देशाला नवे भव्य क्रीडागार परवडणारे नव्हते. १९३४ च्या स्पर्धा जेथे झाल्या, तेच आयर्विन अँफिथिएटर नॅशनल स्टेडियम म्हणून सजले. मार्च १९५१ मध्ये ११ देशांचे ४८९ खेळाडू तेथे आले. लंडनला ज्या जपानला निमंत्रण नव्हते, तोही आला. यजमानाची खरी श्रीमंती ती होती.

सोंधींची कसोटी लागली ती १९६२ साली. जाकार्तात सोव्हिएत कर्जातून प्रचंड क्रीडागार उभे राहिले होते. परंतु इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या पथकांना प्रवेश नाकारला. महासंघाचे उपाध्यक्ष असलेल्या सोंधींनी, सदस्यांना वगळणाऱ्या या स्पर्धेला आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही, अशी भूमिका घेतली. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. औंधचे अप्पासाहेब पंत त्या वेळी तेथे भारताचे राजदूत होते. सोंधींना जाकार्ता सोडावे लागले. दुसऱ्याच दिवशी भारतीय फुटबॉल संघाने विरोधी प्रेक्षकांच्या गदारोळात सुवर्णपदक जिंकले.

एका व्यक्तीच्या तत्त्वनिष्ठेपायी दोन मित्रराष्ट्रांत वितुष्ट यावे काय, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. परंतु यजमानाने पाहुणे निवडण्याचा अधिकार घेतला, तर उरतो तो केवळ सरकारी समारंभ. १९६३ मध्ये ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले. इंडोनेशियाने त्याच वर्षी स्वतःची वेगळी स्पर्धा भरविली. सोंधी १९६६ साली निवर्तले.

पुढे १९७० चे यजमानपद दक्षिण कोरियाने आणि १९७८ चे पाकिस्तानने सोडले. दोन्ही वेळा बँकॉकने भार उचलला. २०१४ मध्ये व्हिएतनामने खर्चापायी माघार घेतली, आणि २०१८ ची स्पर्धा जाकार्तालाच गेली. म्हणजे पैशाचा रकाना रिकामा पडला, तर शेजारी धावून येतो. विश्वासाचा रकाना मात्र यजमानालाच भरावा लागतो. मोठमोठ्या स्पर्धांची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या देशाने लाहोरच्या या प्राध्यापकाचा धडा विसरून चालणार नाही.