हेन्री हेड : नागिणीच्या वेदनेचा नकाशा काढणारे डॉक्टर

नागीण होऊन तीन महिने उलटले. फोड सुकले, खपल्या पडल्या, आता कातडीवर फक्त डाग आहेत. पण बनियनचं कापड घासलं तरी आग होते, पंख्याचा वारा लागला तरी चटका बसतो, रात्र रात्र झोप लागत नाही. घरच्यांना मात्र प्रश्न पडतो की जखम भरली तरी हे दुखणं कसलं. हळूहळू दुखणाऱ्या माणसालाही वाटू लागतं, की हा आपल्याच मनाचा खेळ तर नाही ना.

तुमच्या घरात सध्या असं कुणी असेल, तर हा लेख त्यांनाही वाचायला द्या. या दुखण्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, म्हणजे नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी नसेची वेदना. औषधांची माहिती पुढे येईलच. त्याआधी एका इंग्रज डॉक्टरांची गोष्ट सांगतो, कारण ही वेदना कातडीत नसून नसेत असते हे समजायला त्यांच्याइतकी मदत फार थोड्यांनी केली आहे.

हेन्री हेड यांचा जन्म ४ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनमध्ये झाला. अकरा भावंडांतले ते थोरले. वडील विम्याच्या व्यवसायात होते, घर क्वेकर पंथाचं. केंब्रिजला शिक्षण झाल्यावर ते प्रागला गेले आणि तिथे एवाल्ड हेरिंग या शास्त्रज्ञांकडे शरीरक्रियाशास्त्र शिकले. १८९० साली वैद्यकीय पदवी मिळाली आणि लंडनच्या रुग्णालयांत काम सुरू झालं.

तिथे त्यांना एका गोष्टीनं पछाडलं. हृदयाचा रोगी डाव्या हातात कळ येते म्हणून सांगतो. पित्ताशयाच्या रोग्याचा उजवा खांदा दुखतो. बिघाड एका जागी आणि दुखणं दुसरीकडे, असं का? हेड प्रत्येक रुग्णाच्या कातडीवर टाचणीनं तपासत आणि नेमकी कुठे हुळहुळ आहे ती जागा आखून घेत. हे पट्टे सगळ्यांच्या अंगावर जवळपास सारखेच निघाले. त्यांच्या हद्दी कशा ठरतात, हे शोधताना ते नागिणीपाशी आले. नागीणही अंगावर पट्ट्यासारखीच उठते ना!

मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, मज्जारज्जूला लागून, संवेदना वाहून नेणाऱ्या नसांच्या छोट्या गाठी असतात. त्यांना गँगलियन म्हणतात. नागिणीचा संबंध या गाठींशी असावा, हे जर्मन डॉक्टर बेरेनस्प्रुंग यांनी १८६० च्या दशकातच दाखवलं होतं, पण तेवढा पुरावा पुरेसा नव्हता. लिव्हरपूलजवळच्या रेनहिल मनोरुग्णालयात आल्फ्रेड कॅम्पबेल नावाचे ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्ट होते. दोघांनी मिळून नागीण होऊन गेलेल्या आणि पुढे मरण पावलेल्या २१ जणांच्या मज्जारज्जूची व गाठींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. १९०० साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांचा प्रदीर्घ लेख आला.

त्यात काय दिसलं? अंगावर ज्या पट्ट्यात फोड होते, त्याच पट्ट्याच्या गाठीत सूज आणि रक्तस्राव होता, पेशी मेलेल्या होत्या. नागीण जोरात होऊन बरेच दिवस गेले असतील तर गाठीत व्रण राहिलेला होता, आणि तिथून निघणारे तंतू झिजलेले होते. कातडी भरून आली तरी आतली इजा तशीच राहिलेली असू शकते. तुमच्या घरातल्या त्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

याच कामातून शरीराचा नकाशा तयार झाला: कोणत्या गाठीची नस कातडीच्या कोणत्या पट्ट्याला जाते, याचा. आज आपण त्या पट्ट्यांना डर्मॅटोम म्हणतो. आपल्याकडे एक भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, की नागिणीचा कमरेभोवती विळखा पूर्ण झाला, तोंड आणि शेपूट जुळलं, की माणूस दगावतो. हेड यांचा नकाशा पाहिलात तर ही भीती निराधार का ते कळेल. एका बाजूची गाठ शरीराच्या एकाच बाजूला नस पाठवते. म्हणून नागीण सहसा पोटाच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेवर येऊन थांबते. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांत ती अंगभर पसरू शकते आणि तो गंभीर प्रकार असतो, पण त्याचा विळख्याशी काही संबंध नाही. या भीतीपायी उतरवून घेण्यात आणि लेप लावण्यात पहिले तीन दिवस जातात, याचं मला जास्त वाईट वाटतं. तेच दिवस औषधाचे असतात.

हेड यांना अजून एक अडचण सतावत होती. नस दुखावलेल्या रुग्णाला नेमकं कसं वाटतं, हे त्याला धड सांगता येत नाही. आग, मुंग्या, कळ, ठणका यापलीकडे शब्दच सुचत नाहीत. मग त्यांनी ठरवलं, आपल्याच हातावर पाहायचं. २५ एप्रिल १९०३ रोजी सर्जननी हेड यांच्या डाव्या हाताच्या, त्वचेला जाणाऱ्या नसा कोपराजवळ कापल्या आणि टोकं रेशमी धाग्यानं परत जोडली. हेड तेव्हा ४१ वर्षांचे होते. उजवा हात शाबूत होता हे खरं, तरी मला आजही हे वाचताना कसंतरी होतं.

पुढची चार वर्षं सवड काढून ते केंब्रिजला जात. तिथे त्यांचे मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स त्यांचा हात तपासत. (हे रिव्हर्स नुकतेच निलगिरीत तोडा जमातीचा अभ्यास करून परतले होते.) हेड डोळे मिटून बसत. रिव्हर्स कधी कापूस फिरवत, कधी टाचणी टोचत, कधी गरम किंवा थंड नळी टेकवत आणि प्रत्येक उत्तर टिपून ठेवत.

नस जुळू लागली तशी आधी परतली ती ओबडधोबड संवेदना. टाचणी टोचली तर टोचण्यापेक्षा कितीतरी जास्त असह्य वाटे, ते आजूबाजूला पसरे, आणि नेमकं कुठे टोचलं ते सांगता येत नसे. हलका, नाजूक स्पर्श फार उशिरा परत आला. यावरून हेड यांनी संवेदनेच्या दोन वेगळ्या यंत्रणांचा सिद्धांत मांडला. तो पुढे टिकला नाही. विल्फ्रेड ट्रॉटर आणि मॉरिस्टन डेव्हिस यांनीही स्वतःच्या नसा कापून घेतल्या आणि त्यांना वेगळं आढळलं. एकाच माणसाच्या, तेही प्रयोग करणाऱ्याच्याच, हातावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. पण इजा झालेली नस साध्या टोचणीलाही अवाजवी वेदनेचं रूप देऊ शकते, हे निरीक्षण खोटं ठरलं नाही. नागिणीनंतर पंख्याचा वारा का सोसत नाही, त्याचं कारण याच्याच जवळपासचं आहे.

हेड यांना पुढे सर ही पदवी मिळाली. पण त्याआधीच त्यांना पार्किन्सनचा आजार जडला होता. नसांचा अभ्यास करणाऱ्या या माणसाची शेवटची वीसेक वर्षं मज्जासंस्थेच्याच आजारात गेली. हात थरथरू लागले, शरीर आखडत गेलं. पत्नी रूथ यांनी त्यांना सांभाळलं आणि त्या त्यांच्या आधी, १९३९ साली, गेल्या. हेड ८ ऑक्टोबर १९४० रोजी वारले.

त्यांच्यानंतरचं काम इतरांनी केलं. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावातले डॉक्टर एडगर होप-सिम्पसन (माझ्यासारखेच जनरल प्रॅक्टिशनर, म्हणून विशेष जिव्हाळा) यांनी आपल्याच दवाखान्यातल्या १६ वर्षांच्या नोंदींतून १९६५ साली मांडलं, की लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू त्या गाठींत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की पुन्हा उठतो. कॅनडात पीटर वॉटसन यांनी १९८२ मध्ये २४ रुग्णांवर चाचणी करून दाखवलं, की अमिट्रिप्टिलिन या गोळीनं ही वेदना कमी होते. १९९८ मध्ये अमेरिकेत २२९ रुग्णांवरच्या चाचणीत गॅबापेंटिनचाही उपयोग दिसला.

या गोळ्यांबद्दल एक सांगायलाच हवं. पहिली मूळची नैराश्याची, दुसरी फिट्सची. औषधाच्या दुकानात किंवा मोबाईलवर हे कळलं, की बरेच जण न सांगता गोळी बंद करतात. तसं करू नका. त्या इथे दुखावलेल्या नसेला शांत करण्यासाठीच दिलेल्या असतात, आणि साध्या पेनकिलरचा या वेदनेवर फारसा जोर चालत नाही. मात्र सुस्ती आणि चक्कर येऊ शकते, म्हणून वयस्कर माणसाला रात्री एकट्यानं उठू देऊ नका. अमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट असलेल्यांना लघवी अडू शकते. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिनचा डोस किडनीच्या तपासणीनुसार ठरतो. जुने रिपोर्ट सोबत घेऊन या.

वेदना कुणाची मागे राहील याचा अंदाजही बराचसा बांधता येतो. वय साठीच्या पुढे, फोड उठण्याआधीच सुरू झालेलं दुखणं, सुरुवातीच्या दिवसांत असह्य वेदना, फोड दाट, किंवा डोळ्याभोवती नागीण असेल तर धोका जास्त. अशांनी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू करायला हवं. त्यानं आजार लवकर आटोपतो, पण मागची वेदना टळेलच अशी हमी मिळत नाही. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मुळात नागीणच टाळायची तर लस आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, साठीवरच्या ३८ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत जुन्या लसीनं ही मागची वेदना दोन तृतीयांशानं कमी केली. आता तिच्याहून प्रभावी नवी लस भारतातही मिळते. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. महाग आहे, हे मान्य. आणि ज्यांना आत्ता वेदना चालू आहे, त्यांची ती वेदना लसीनं जाणार नाही. त्यांच्यासाठी वरच्या गोळ्या, आणि दुखतंय म्हटल्यावर खरं मानणारं घर.