ड्रॉइंग मास्तरचा नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यातून आपण काय घ्यायचं?

पेण/रोहा (वार्ताहर) : पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेण आणि रोहा तालुक्यात नाक्यानाक्यावर एकच विषय असतो. यंदा चिखलणीला टिलर भाड्यानं आणायचा की ट्रॅक्टर? तासाचा दर काय? आणि बोलता बोलता कुणीतरी हमखास विचारतो, की हे यंत्र ज्यानं कागदावर काढलं त्यानं कधी खाचरात पाय तरी घातला होता का? ट्रॅक्टरच्या सीटवर दिवसभर बसून बघितलं होतं का?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतीची यंत्रं काढणाऱ्या इंजिनीयरला स्वतः ट्रॅक्टर चालवता यायला हवा का? याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका मोठ्या माणसाच्या आयुष्यात ते सापडतं. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आपल्यापैकी कितीतरी जणांनी भाताच्या गिरणीत किंवा विहिरीवरच्या पंपावर किर्लोस्कर हे नाव लहानपणापासून वाचलेलं आहे. पण त्या नावामागचा माणूस शेतकरी नव्हता, तर ड्रॉइंग मास्तर होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

रंग कळेनात, रेघ मात्र पक्की

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्यापुराणांचं वातावरण, पण या पोराचं मन शाळेच्या पुस्तकात काही रमेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रं काढायची आणि यंत्रं बघायची. १८८५ साली थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारानं ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

तिथं वेगळंच निघालं. त्यांना काही रंग ओळखता येत नव्हते, म्हणजे रंगांधळेपणा होता. चित्रकाराला रंगच कळले नाहीत तर करायचं काय? दुसरा कुणी असता तर गावी परत आला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांची ड्रॉइंगं काढायला ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, ज्याला आज आपण व्हीजेटीआय म्हणतो, तिथं शिक्षक म्हणून लागले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. त्या काळी ती मोठी नवलाईची वस्तू होती. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि त्यातूनच पुढं किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव उभं राहिलं. या दुकानाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथं सायकल नुसती विकत नसत, चालवायलाही शिकवत. त्याची फी होती १५ रुपये. दुसऱ्याला चालवायला शिकवणारा माणूस कुठं तोल जातो, पाय कुठं पोचत नाही, हँडल कुठं अडतं, हे सगळं बघत असतो. यंत्र आणि माणूस एकमेकांना कसे चिकटतात, हा धडा किर्लोस्करांच्या घरात नांगराच्या आधी सायकलनं शिकवला.

मुंबईच्या नोकरीत त्यांच्या हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

दोन वर्षं नांगराला गिऱ्हाईक नाही

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. तेव्हा आपल्याकडं सगळीकडं लाकडी नांगर चालायचा. तो जमीन उकरतो, पण खालची माती वर उलटवत नाही. लोखंडी नांगराचा फाळ आणि त्यामागचा वळणदार पत्रा माती कापून पालथी करतो, तण खाली गाडलं जातं. कागदावर हिशेब एकदम चोख होता.

पण शेतकरी नांगर घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते असा त्या वेळी लोकांचा समज होता. पहिले नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली. आज आपण या समजुतीला हसतो, पण त्या शेतकऱ्याच्या जागी बसून बघा. जमीन एकच, बैलजोडी एकच, सावकाराचं कर्ज डोक्यावर. नवा नांगर चुकला तर अख्खं वर्ष हातचं जाणार. ड्रॉइंग काढणाऱ्याचं मात्र फक्त लोखंड वाया जाणार.

त्या दोन वर्षांकडं मी तोटा म्हणून बघत नाही. ड्रॉइंग मास्तरची ती शेतीशाळाच म्हणायची. ओतकाम येत होतं, मापं येत होती, पण नांगर धरणाऱ्याच्या मनात काय चालतं ते कुठल्याच ड्रॉइंगमध्ये दिसत नव्हतं. आपल्या पेणच्या मूर्तिकारांना हे पटेल. साचा कितीही सुबक असला तरी शाडूची माती हाताला कशी लागते, कुठं तडकते, हे मातीत हात घातल्यावरच कळतं. नांगराच्या फाळाचंही तसंच. लोखंड मऊ ठेवलं तर टोक झिजतं, फार कडक केलं तर दगडावर टिचतं. यातलं मधलं माप रानातच सापडतं.

माळावरची वाडी

बेळगावात धंदा बसतोय तोवर नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. आता जायचं कुठं? तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. लक्ष्मणराव औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते, तिथली ही ओळख. राजांनी १०,००० रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग आणि सापांनी भरलेला माळच तो. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे आणि स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच आहे.

सोबतची माणसं कशी होती बघा. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, ते कारखान्याचे मॅनेजर झाले. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, ते नवनवी यंत्रं काढणारे कारागीर झाले. शंभूराव जांभेकर यंत्रं सांभाळायला आणि मंगेशराव रेगे हिशेबाला. डिग्रीचा कागद बघून कुणाला घेतलं नव्हतं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हाही नियम होता. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, हे विसरू नका.

कारखाना मुंबईत न राहता कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांच्या रानाला लागून उभा राहिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वापरणारा गेटाबाहेरच होता. नांगर मोडला तर तो तक्रार घेऊन चालत येऊ शकत होता.

पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं आणि परदेशी लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. पुढं भुईमूग फोडायची यंत्रं, उसाचे चरक, हातपंप आले. १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप आणि डिझेल इंजिनाकडं कारखाना वळला. त्याच वर्षी मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनीयर होऊन परतला. म्हणजे नापास झालेल्या कारागिरांच्या जोडीला उच्चशिक्षित इंजिनीयरही आला. दोन्ही लागतात, हे त्या घरानं ओळखलं होतं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

तिकडं आयर्लंडमध्ये

इकडं तोफांचे नांगर होत होते, त्याच महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा सरकारच्या सांगण्यावरून गावोगाव ट्रॅक्टर आणि नांगर बघत फिरत होता. तेव्हा नांगर ट्रॅक्टरला बैलाच्या गाडीसारखा मागून नुसता ओढायला बांधत. फाळ दगडाला अडला की मागची चाकं जागेवर धरली जात आणि ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलून तो चालकाच्या अंगावर मागं उलटायचा. माणसं मरत होती. फर्ग्युसननं नांगर आणि ट्रॅक्टर तीन ठिकाणी जोडून हायड्रोलिकवर घेतला, म्हणजे फाळ अडला तरी ट्रॅक्टरचं तोंड खालीच दाबलं जातं. आज आपल्या भागात फिरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं जी तीन दांड्यांची जोडणी दिसते ना, ती त्याची देणगी. शेतात उभं राहून बघितलं नसतं तर ती सुचली असती का?

आपल्या खाचरात काय?

आता आपल्या भागाकडं या. पेणच्या खारपट्ट्यात चिकट माती, रोह्याकडं डोंगरउताराची छोटी खाचरं. दर पाचपन्नास पावलांवर बांध. आपल्या वाडवडिलांचा लाकडी नांगर हलका का होता? कारण एक खाचर झालं की तो खांद्यावर टाकून बांध ओलांडायचा असायचा. ही गोष्ट देशावरच्या मोठ्या सपाट रानात बसून कुणाला सुचणार नाही.

माझ्या स्वतःच्या शेतात एका कंपनीचा टिलर मी वापरला आहे. कोरड्या जमिनीवर तो छान चालायचा. पण चिखलात वळवताना दांडा छातीवर यायचा, आणि बांध ओलांडायला दोन माणसं जास्त लागायची. मजूर वाचवायला आणलेलं यंत्र मजूर मागत होतं. ज्यानं ते काढलं तो हुशार असणारच. पण जुलैच्या पावसात घोटाभर चिखलात त्यानं एक दिवस तो वळवून बघितला असता, तर दांडा चार बोटं नक्की हलवला असता.

हा फक्त सोयीचा नाही, जिवाचाही प्रश्न आहे. ट्रॅक्टर रुतला की काही जण मागच्या चाकाला ओंडका बांधून रेस देतात. हे कधीही करू नका. चाक फिरू शकलं नाही की सगळी ताकद ट्रॅक्टरलाच उचलते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो मागं उलटतो. उंच बांध चढायचा असेल तर रिव्हर्समध्ये चढा, म्हणजे तोंड उचलायला वाव राहत नाही. चालकावर लोखंडी कमान असली तर उलटला तरी जीव वाचू शकतो, पण पट्टा लावलेला हवा. स्वीडननं १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरला अशी कमान सक्तीची केली. चिखलात रुतलेल्या चालकाच्या मनाची घाई ज्याला ठाऊक आहे, तोच इंजिनीयर अशा गोष्टी आधी जागेवर बसवेल.

मग इंजिनीयरनं शेतकरीच असलं पाहिजे का? माझं मत, नाही. लक्ष्मणराव शेतकरी नव्हते. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्याला कंबर कुठं दुखते ते कळतं, पण सीटखालची स्प्रिंग किती जाडीची हवी हा हिशेब त्याला येईलच असं नाही. तो हिशेब शिकलेल्या माणसाचाच. पण शिकलेल्यानं निदान एक हंगाम, नांगरणीपासून मळणीपर्यंत, ते यंत्र स्वतः चालवावं, आणि शेतकऱ्यानं नाही म्हटलं तर त्याला अडाणी न म्हणता दोन वर्षं थांबून कारण शोधावं. लक्ष्मणरावांचा नांगर तसा उभा राहिला.

आणि मंडळी, यात आपलंही काम आहे. यंत्र कसं आहे हे आपण बोललोच नाही तर बनवणाऱ्याला कळणार कसं? यंदा गावात टिलर किंवा भात लावणी यंत्राचं प्रात्यक्षिक आलं, तर रस्त्याकडेच्या कोरड्या पट्टीवर बघून टाळ्या वाजवू नका. आलेल्या माणसाला आपल्या खाचरात न्या. त्यालाच चालवायला लावा, एक बांध ओलांडायला सांगा, मग घरातल्या बाईमाणसाच्या हाती द्या, कारण लावणी त्याच करतात. कुठं अडलं ते कागदावर लिहून कंपनीला आणि कृषी सहायकाला द्या. सबसिडीचा अर्ज त्यानंतर भरा.

(शेतकरी वाचकांनी आपल्या यंत्रांचे बरे-वाईट अनुभव जरूर कळवावेत.)