मुंबई महापालिकेच्या निवडणुकीसाठी भांडलेले फिरोजशहा मेहता १९०७ मध्ये स्वतःच पडले होते

सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलात की समोर महापालिकेची जुनी दगडी इमारत दिसते. तिच्या पुढ्यात एक पुतळा उभा आहे. रोज लाखो लोक त्याच्यासमोरून जातात, पण तो कुणाचा हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो पुतळा फिरोजशहा मेहतांचा.

४ ऑगस्ट १८४५ ला मुंबईतल्या पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि १८६८ मध्ये परतले.

तेव्हा मुंबईकरांना मतदानाचा हक्कच नव्हता. शहराचा कारभार सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस आणि म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड बघायचे. हे तेच क्रॉफर्ड, ज्यांच्या नावाने क्रॉफर्ड मार्केट ओळखलं जातं. त्यांनी शहर सुधारायला पैसा सढळ हाताने खर्च केला आणि तिजोरीचा ताळमेळ बिघडला. १८७१ मध्ये करदाते भडकले.

सगळं शहर क्रॉफर्डच्या विरोधात असताना २६ वर्षांच्या मेहतांनी वेगळीच भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं होतं, कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असण्यात काही चूक नाही. चूक आहे ती त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्यांत, कारण त्यांना लोकांनी निवडलेलंच नाही. लोकांना हे अजिबात आवडलं नाही.

पण १८७२ चा कायदा साधारण त्याच वाटेने गेला. ६४ सदस्यांची महापालिका ठरली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे होते. मत मात्र ठरावीक रकमेच्या वर कर भरणाऱ्यांनाच होतं. गिरणी कामगार, हमाल, झाडूवाले यांना त्यात जागा नव्हती.

१८७३ मध्ये मेहता सभागृहात गेले. १८८४ आणि १८८५ मध्ये अध्यक्ष झाले. नंतर नव्या कायद्याचा मसुदा आला, त्यात सरकारला कमिशनरच्या हाती जास्त ताकद द्यायची होती. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तो मसुदा कायदेमंडळात अडवून धरला आणि महापालिकेचे अधिकार वाढवून घेतले. तोच १८८८ चा कायदा. दुरुस्त्या होत होत मुंबईचा कारभार आजही त्यावरच चालतो.

मेहतांचा दबदबा इतका वाढला की काही इंग्रज अधिकाऱ्यांना तो खुपायला लागला. १९०७ मध्ये जस्टिसेसच्या गटातून १६ जागा भरायच्या होत्या. अकाउंटंट जनरल हॅरिसन आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांच्या गोटाने मेहतांना पाडण्यासाठी १६ जणांचं पॅनेलच उभं केलं.

निकाल लागला. मेहता सतरावे आले. म्हणजे पडले.

पण निवडून आलेल्यांपैकी एक जण अपात्र ठरला आणि त्या जागेवर मेहता परत सभागृहात आले. ५ नोव्हेंबर १९१५ ला त्यांचं निधन झालं, तोपर्यंत ते महापालिकेत होते.

मुंबईतल्या प्रत्येक प्रौढाला महापालिकेसाठी मत देता आलं ते थेट १९४८ मध्ये.

मेहतांनी १८७१ मध्ये मांडलेली रचना मात्र अजून तशीच आहे. महापौर मानाचा, पण प्रशासनाची सूत्रं सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे. या रचनेत नगरसेवकांचं एक मोठं काम म्हणजे आयुक्तांना जाब विचारणं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि आयुक्तच प्रशासक झाले. जाब विचारणारं सभागृहच उरलं नाही. नेमकी हीच परिस्थिती बदलायला मेहता २६ व्या वर्षी उभे राहिले होते.