माक्स डेलब्रूक

ज्या विषयांत पदवी मिळविली त्या विषयांतच जन्म काढावा, अशी आपल्याकडील पालकांची बहुधा समजूत असते. माक्स डेलब्रूक यांचा जीवनक्रम या समजुतीस धरून नव्हता, म्हणून तो आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९०६ रोजीं बर्लिन येथें झाला. वडील तेथील विद्यापीठांत इतिहासाचे प्राध्यापक. माक्स यांनीं गटिंगेन येथें पदार्थविज्ञानाचा अभ्यास करून १९३० सालीं डॉक्टर ही पदवी संपादिली. १९३२ सालीं कोपनहेगन येथें नील्स बोर यांचें प्रकाश आणि जीवन या विषयावरील व्याख्यान त्यांनीं ऐकिलें, आणि त्यांचें चित्त सजीव सृष्टीकडे ओढलें गेलें.

पुढील पांच वर्षें ते बर्लिनमध्यें लीझ माइट्नर या विदुषीचे साहाय्यक होते. चाकरी पदार्थविज्ञानाची, परंतु घरीं जीवशास्त्रज्ञांची बैठक! राज्य मात्र हिटलरचें होतें. विद्यापीठांत व्याख्याता होऊं इच्छिणारास राजकीय शिबिरांत जावें लागे. डेलब्रूक गेले व अपात्र ठरले. ही अपात्रता आम्हांस भूषणास्पद वाटते. १९३७ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. मायदेशीं राहिलेले त्यांचे मेहुणे क्लाउस बोनहोफर यांस हिटलरविरोधी कटाबद्दल १९४५ सालीं गोळी घालण्यांत आली.

कॅलिफोर्नियांत एमरी एलिस यांच्यापाशीं डेलब्रूक यांनीं जंतूंच्या पेशींत वाढणारे विषाणु पाहिले. एक विषाणु आंत शिरतो, सुमारें अर्ध्या तासानें पेशी फुटते, आणि पुष्कळ नवे विषाणु बाहेर पडतात. मोजतां येण्याजोगी जीवघटना हातीं लागली. गणिती मनुष्यास आणखी काय पाहिजे?

१९४० पासून ते नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकवीत. इटलीहून आलेले साल्व्हादोर लुरिया यांच्यासह १९४३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला प्रयोग वरच्या वर्गांतील मुलांनीं नीट समजून घ्यावा. विषाणूस दाद न देणारे थोडे जंतु नेहमीं निघतात. ही शक्ति विषाणूशीं गांठ पडल्यावर येते, कीं आधींच एखाद्यांत आपोआप उपजलेली असते? लुरियांनीं अनेक नळ्यांत जंतु निरनिराळे वाढविले व मग त्यांची विषाणूंशीं गांठ घातली. शक्ति नंतर येत असेल, तर प्रत्येक नळींतून वांचणारांची संख्या साधारण सारखी यावी. आधीं उपजत असेल, तर जेथें ती लवकर उपजली तेथें संतति फार, जेथें उशिरां तेथें थोडी, कोठें मुळींच नाहीं. संख्या अतिशय विषम आल्या. त्या विषमतेचें गणित डेलब्रूक यांनीं मांडिलें. साधनें म्हणाल तर नळ्या, कांचेच्या बशा आणि मोजदाद!

१९४७ सालीं ते कॅलिफोर्नियांत जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९६९ सालीं लुरिया व आल्फ्रेड हर्शी यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तोंपर्यंत ते विषाणु सोडून एका बुरशीच्या मागें लागले होते. फायकोमायसीज नांवाच्या या बुरशीचा उभा देंठ म्हणजे एकच लांब पेशी. तरी ती उजेडाकडे वांकते. तिला उजेड कळतो कसा, हा प्रश्न ९ मार्च १९८१ रोजीं मृत्यु येईपर्यंत त्यांच्यापुढें होता. उजेड ओळखणारा तिचा घटक कोणत्या जनुकापासून होतो, हें इतर संशोधकांनीं २००६ सालीं दाखविलें.