परतीची फेरी

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे पठार आहे. फार पूर्वी तिथे मोठे सरोवर होते. पाणी आटले आणि मीठ मागे उरले. उन्हाळ्यात ही जमीन फरशीसारखी टणक आणि सपाट होते. ९ सप्टेंबर १९६० रोजी या पांढऱ्या जमिनीवरून मिकी थॉम्पसन नावाच्या एकतीस वर्षांच्या माणसाने स्वतः बांधलेली मोटार ताशी ४०६.६० मैल वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ६५४ किलोमीटरने हाकली. मोटारीतून जमिनीवर इतक्या वेगाने तोवर कोणीही गेले नव्हते. तरीही उच्चांकांच्या वहीत त्याचे नाव चढले नाही. तिथे जॉन कॉब या इंग्रजाचा १९४७ सालचा ताशी ३९४ मैलांचा उच्चांक तसाच राहिला.

याचे कारण एका साध्या नियमात होते. वारा पाठीशी असेल, जमिनीला किंचित उतार असेल, तर एका दिशेचा वेग फसवा ठरतो. म्हणून तासाभराच्या आत त्याच पट्ट्यावरून उलट दिशेने पुन्हा धावायचे आणि दोन्ही वेगांची सरासरी काढायची. थॉम्पसन परत फिरला, पण वाटेत इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारा दांडा तुटला. गाडी थांबली.

आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माझ्यासारख्याला हा नियम चटकन पटतो. एका बाजूची नोंद कितीही मोठ्या रकमेची असो, समोरची नोंद जुळल्याखेरीज ताळा बसत नाही. थॉम्पसनचे चरित्र वाचताना मात्र वारंवार वाटत राहते, की या माणसाच्या आयुष्यात जायची बाजू नेहमीच भरघोस होती आणि परतीची बाजू दर वेळी काहीतरी हिरावून नेत होती.

त्याचा जन्म ७ डिसेंबर १९२८ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्हाम्ब्रा गावचा. वडील पोलीस खात्यात. पाळण्यातले नाव मॅरियन ली, पण जगाने ओळखले ते मिकी म्हणून. तरुणपणी तो ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या छापखान्यात यंत्रावर काम करी आणि उरलेला वेळ व पगार जुन्या मोटारींत घाली. महायुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात हे वेड हजारो पोरांना लागले होते. भंगारातली गाडी आणायची, अनावश्यक पत्रा काढून टाकायचा, इंजिनाची ताकद वाढवायची आणि रात्री रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्याशी पैज लावायची. त्यात माणसे मरत, पोलीस मागे लागत.

या रस्त्यावरच्या पैजांतूनच ड्रॅग रेसिंग हा खेळ उभा राहिला. दोन गाड्या, सरळ पाव मैलाचा पट्टा, दिवा किंवा निशाण झाले की सुटायचे. वळण नाही, डावपेच नाहीत, काही सेकंदांत निकाल. अशा शर्यतीत इंजिनाच्या ताकदीइतकाच प्रश्न असतो टायरच्या पकडीचा. ताकद वाढली की मागची चाके जागीच गरगरतात आणि नुसते रबर जळते. १९५४ च्या सुमारास थॉम्पसनने चालकाची बैठक उचलून मागच्या आसाच्याही मागे नेली. माणसाचे वजन मागे गेले, भार चाकांवर आला आणि चाके जमीन धरू लागली. बेचकीच्या चामड्यात दगड बसावा तसा चालक शेवटी बसलेला, म्हणून या गाड्यांना ‘स्लिंगशॉट’ हे नाव पडले. या रचनेचे श्रेय सामान्यतः त्याला दिले जाते आणि पुढची पंधराएक वर्षे या खेळावर तिचेच राज्य होते.

१९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या बंदर भागातल्या लायन्स क्लबांनी एक धावपट्टी सुरू केली. आपल्याकडे लायन्स म्हटले की डोळे तपासणीचे शिबिर आठवते. तिथल्या लायन्सनी पोरांना रस्त्यावरच्या जीवघेण्या पैजांतून बाहेर काढायचे मनावर घेतले. पट्टीचा पहिला व्यवस्थापक म्हणून त्यांनी नेमले ते थॉम्पसनला.

बॉनव्हिलची ‘चॅलेंजर’ ही याच घरगुती परंपरेतली. कॉबच्या गाडीत विमानाची इंजिने होती. थॉम्पसनने साध्या मोटारीची चार पॉन्टिॲक इंजिने एकत्र जुंपली आणि त्यांना जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स जोडले. त्याच उन्हाळ्यात, त्याच मिठावर अ‍ॅथॉल ग्रॅहम हा अमेरिकन चालक प्राणास मुकला होता आणि थॉम्पसननंतर आठवड्याभरातच डोनाल्ड कॅम्बेल या इंग्रजाची खर्चिक गाडी उधळून चक्काचूर झाली, तो वाचला. याच कॅम्बेलने १९६४ मध्ये अधिकृत उच्चांक केला तो ताशी ४०३.१० मैलांचा. थॉम्पसनच्या एकेरी फेरीपेक्षा कमी, पण दोन्ही बाजूंनी जुळलेला.

दांडा तुटला तर नवा बसवता येतो. १९६४ साली जे घडले ते दुरुस्त होण्यासारखे नव्हते.

इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत थॉम्पसनने १९६२ पासून पाठीमागे इंजिन असलेल्या हलक्या गाड्या उतरवल्या. बहुतेकांची इंजिने तेव्हा पुढे असत. पुढच्या वर्षी त्याने बुटक्या, रुंद टायरच्या ठेंगण्या गाड्या आणल्या. १९६४ साली नियमांमुळे चाके मोठी करावी लागली आणि मुळात लहान चाकांसाठी आखलेली गाडी हाताळायला अवघड होऊन बसली. शर्यतीआधी संघातला एक अनुभवी चालक ती सोडून निघून गेला. ३० मे रोजी दुसऱ्याच फेरीत सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या डेव्ह मॅकडॉनल्डचा ताबा सुटला. गाडी आतल्या भिंतीवर आदळली, पेट्रोलचा भडका उडाला आणि मागून आलेला एडी सॅक्स त्या आगीत शिरला. दोघेही गेले. अपघातामुळे शर्यत थांबवण्याची त्या मैदानावरची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी इंधनाचे नियम बदलले आणि पेट्रोल मागे पडले.

दोष एकट्या थॉम्पसनचा होता असे म्हणणे अन्याय्य ठरेल. पण नव्याचा ध्यास आणि पुरेशी परीक्षा झाल्याशिवाय माणसाला आत बसवण्याची घाई यांतले अंतर किती थोडे असते, हे त्या दुपारी दिसले. स्वतःचा जीव पणाला लावणे हा एक हिशोब, दुसऱ्याचा लावणे हा निराळा. त्याच्या चाहत्यांनी लिहिलेल्या गौरवपर लेखांत हे पान फार लवकर उलटले जाते.

तो थांबला नाही. टायरचा धंदा त्याने १९६३ मध्येच सुरू केला होता. १९७३ मध्ये वाळवंटातल्या शर्यतींसाठी संस्था काढली. पुढे ज्या लॉस एंजेलिस कोलिझियममध्ये १९३२ चे ऑलिम्पिक भरले होते, तिथेच माती आणून टाकली, टेकाडे उभी केली आणि वाळवंट प्रेक्षकांच्या पायाशी आणले. या धंद्यातच एका भागीदाराशी बिनसले, प्रकरण कोर्टात गेले, निकाल थॉम्पसनच्या बाजूने लागला. १६ मार्च १९८८ च्या पहाटे, कामाला निघताना, ब्रॅडबरी इथल्या घराच्या आवारात दोन मारेकऱ्यांनी त्याला आणि पत्नी ट्रूडीला गोळ्या घातल्या आणि ते सायकलींवरून पसार झाले. मारेकरी सापडले नाहीत. कट रचल्याबद्दल त्या जुन्या भागीदाराला २००७ मध्ये दोषी ठरवून जन्मठेप झाली. एकोणीस वर्षे त्याची बहीण या खटल्याचा पाठपुरावा करत होती.

मागे एक गाडी राहिली होती. ‘चॅलेंजर २’, १९६८ साली बांधलेली. त्या वर्षी पावसाने मिठाचे पठार पाण्याखाली गेले, पुरस्कर्त्यांनी हात आखडता घेतला आणि गाडी पडून राहिली. ती पुन्हा बाहेर काढायची असे मिकी आणि मुलगा डॅनी यांनी १९८८ च्या सुरुवातीला ठरवले होते. खुनानंतर बेत बारगळला. दोन दशकांहून अधिक काळाने डॅनीने ती नव्याने उभी केली.

ऑगस्ट २०१८ मध्ये तो ती घेऊन बॉनव्हिलला उतरला. तिथल्या त्या मेळाव्यात दिशा उलटावी लागत नाही, पण पहिल्या दिवसाचा वेग दुसऱ्या दिवशी पुन्हा सिद्ध करावा लागतो. पहिल्या दिवशी ताशी ४४६.६०५ मैल. दुसऱ्या दिवशी ४५०.९०९. सरासरी ४४८.७५७, आपल्या वर्गातला नवा उच्चांक. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या गाडीची दुसरी फेरी पहिलीपेक्षा वेगवान ठरली. त्यानंतर डॅनीने तिला निवृत्त केले.