डाळी, नीरा आणि जीवनसत्त्वे : डॉ. कमला सोहोनी यांचे पोषणकार्य

औषधांच्या दुकानांत आज जीवनसत्त्वांच्या गोळ्या, प्रथिनांची भुकटी आणि बलवर्धक पेयांचे डबे मोठ्या संख्येने मांडलेले दिसतात. कोणता घटक किती प्रमाणात आहे, हे वेष्टनावर छापलेले असते. त्यातील किती भाग प्रत्यक्ष शरीराच्या उपयोगी पडतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन त्याचे उत्तर गरिबांच्या ताटातील साध्या अन्नात शोधणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांमध्ये डॉ. कमला सोहोनी यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे १९९८ मध्ये निधन झाले. त्यांच्या संशोधनाचा विषय मात्र आजही प्रत्येक स्वयंपाकघराशी निगडित आहे.

रसायनशास्त्राचा वारसा

कमलाबाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांनीही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिक्षण घेतले होते. लोकसाहित्याच्या ज्येष्ठ अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत. अशा घरात वाढलेल्या कमलाबाईंनी रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली.

पदवी परीक्षेतील उत्तम यशानंतर वडील आणि काकांप्रमाणे आपणही बंगळूरला जाऊन संशोधन करावे, असे त्यांनी ठरविले आणि संस्थेकडे अर्ज केला. त्या वेळी नोबेल पुरस्कार विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन हे संस्थेचे संचालक होते. अर्जदार स्त्री असल्याच्या कारणावरून हा अर्ज फेटाळण्यात आला.

सत्याग्रह आणि सशर्त प्रवेश

महात्मा गांधींच्या विचारांचा संस्कार झालेल्या कमलाबाईंनी हा निर्णय मान्य केला नाही. त्या बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या कार्यालयासमोर त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग अवलंबिला. अखेरीस त्यांना प्रवेश देण्यात आला, परंतु तो सशर्त होता. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, अशीही अट होती. कोणत्याही पुरुष विद्यार्थ्याला अशा अटी घालण्यात आल्या नव्हत्या. हा अपमान गिळून कमलाबाईंनी कामाला सुरुवात केली.

एम. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. शिस्तीच्या बाबतीत कठोर असलेल्या या गुरूच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. भारतासारख्या देशात, जेथे कोट्यवधी लोकांना प्रथिने प्रामुख्याने डाळींतूनच मिळतात, तेथे या विषयाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. या संशोधनावर १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना एम.एस्‌सी. ही पदवी विशेष प्रावीण्यासह प्रदान केली. त्यांचे काम पाहून संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसाठीही उघडले. एका अर्जाचा लढा अशा रीतीने पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडला.

केंब्रिजमधील संशोधन

त्यानंतर १९३७ मध्ये कमलाबाई इंग्लंडला गेल्या आणि केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करण्याची संधी मिळाली. आहारातील प्रथिने, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि क्षार यांव्यतिरिक्त अत्यल्प प्रमाणात लागणारे काही घटक वाढीसाठी आवश्यक असतात, हे दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये हॉपकिन्स अग्रणी होते. पुढे हेच घटक जीवनसत्त्वे या नावाने ओळखले गेले. या कार्यासाठी हॉपकिन्स यांना १९२९ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून देण्यात आला होता.

केंब्रिजमध्ये कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत काम केले. बटाट्यावरील प्रयोगांतून त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेत भाग घेणारे प्रथिन असते, असे दाखवून दिले. या संशोधनावरील त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पृष्ठांचा होता. त्यावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. प्राप्त झाली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते.

कुन्नूर : जीवनसत्त्वांचा अभ्यास

परदेशात संशोधन चालू ठेवणे शक्य असूनही कमलाबाई १९३९ मध्ये मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या आणि तेथे त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केले. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलविण्यात आली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

कुन्नूरच्या प्रयोगशाळेने त्या काळात भारतीयांच्या रोजच्या अन्नाकडे, विशेषतः तांदळाकडे, लक्ष दिले होते. गिरणीत पांढराशुभ्र होईपर्यंत सडलेल्या तांदळातून कोंड्याबरोबर ब-१ हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात निघून जाते. केवळ अशाच तांदळावर गुजराण करणाऱ्यांना बेरीबेरी हा विकार होण्याचा धोका असतो. उकड्या तांदळात मात्र भात सालीसकट भिजवून वाफविला जात असल्याने हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि सडल्यानंतरही बरेचसे टिकून राहते. कोकणात ज्याला उकडा तांदूळ म्हणतात, त्यालाच छत्तीसगडमध्ये उसना असे नाव आहे.

डाळींतील अडसर

माधव सोहोनी यांच्याशी १९४७ मध्ये विवाह झाल्यानंतर कमलाबाई मुंबईला आल्या. येथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापिका झाल्या. त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचे काम येथेच झाले. गरीब जनतेच्या आहारातील तीन पदार्थ त्यांनी अभ्यासासाठी प्रामुख्याने निवडले. डाळी व कडधान्ये, नीरा आणि भाताचे पीठ हे ते पदार्थ होत.

कडधान्यांत भरपूर प्रथिने असतात, हे सर्वज्ञात होते. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. ही प्रथिने पचतात किती? मनुष्याच्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांचे विघटन करते. काही कडधान्यांत मात्र या ट्रिप्सिनलाच निष्प्रभ करणारे घटक असतात. १९५० च्या दशकात कमलाबाईंच्या विभागाने भारतीय भाज्या आणि कडधान्ये यांतील अशा रोधक घटकांची पद्धतशीर तपासणी केली. डबल बी आणि वाल यांसारख्या कडधान्यांतील रोधकांवरही त्यांनी काम केले.

या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. अन्नात पोषक द्रव्य असणे आणि ते शरीराला मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कच्च्या कडधान्यातील प्रथिनांचा एक भाग रोधकांमुळे वाया जाऊ शकतो. पुरेशी उष्णता मिळाल्यावर यांतील बहुतेक रोधक निष्प्रभ होतात. कडधान्य भिजवणे, मोड आणणे आणि नंतर नीट शिजवणे ही मराठी घरांतील जुनी पद्धत या दृष्टीने शास्त्रशुद्ध ठरते. वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्यांचे बिरडे करणाऱ्या गृहिणींना ट्रिप्सिन हा शब्द ठाऊक नव्हता, परंतु त्यांची कृती योग्य होती. मोड आल्याने कडधान्यात क जीवनसत्त्वाचीही भर पडते. मात्र केवळ मोड आणणे पुरेसे नसते. बहुतेक कडधान्ये शिजवूनच खाणे हितावह असते.

राष्ट्रपतींची सूचना आणि नीरा

नीरेवरील संशोधनाला तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची सूचना कारणीभूत ठरली. ताडवर्गीय झाडांपासून मिळणारा हा गोड रस सूर्योदयापूर्वी उतरविला जातो आणि न आंबता पिण्यात येतो. ऊन चढू लागताच तो आंबू लागतो आणि त्याची ताडी बनते. कमलाबाईंच्या चमूला नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे तसेच लोह आढळले. नीरेपासून केलेल्या गुळातही यांतील काही घटक टिकून राहतात, असेही त्यांनी नोंदविले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कार्याबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार प्रदान करण्यात आला.

तो काळ राष्ट्रउभारणीचा होता. याच राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याने भाताच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या दुर्ग परिसराचे स्वरूप पालटले. देशभरातून कामगार तेथे आले आणि त्यांत अनेक मराठी कुटुंबेही होती. पोलादाचे उत्पादन वाढत असताना ते निर्माण करणाऱ्या हातांना सकस अन्न मिळणे तितकेच आवश्यक होते. पहिल्या कामाची दखल वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी घेतली. कमलाबाईंसारख्यांचे काम मात्र प्रयोगशाळेतच शांतपणे चालू राहिले.

संस्थेचे संचालकपदही त्यांना सहजासहजी लाभले नाही. अंतर्गत राजकारण आणि स्त्री-पुरुष भेदभाव यांमुळे या पदासाठी त्यांना चार वर्षे प्रतीक्षा करावी लागली. बंगळूरला तरुणपणी आलेला अनुभव वेगळ्या रूपात पुन्हा समोर आला होता. १९९७ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या कार्यक्रमात त्यांनी रामन यांच्या त्या निर्णयामुळे झालेल्या अन्यायाबद्दल कोणतीही भीड न बाळगता आपले मत मांडले.

दुकानापर्यंत पोहोचलेले विज्ञान

संशोधन नियतकालिकांत छापून आले म्हणजे काम संपले, असे कमलाबाईंनी मानले नाही. आरे दुग्ध प्रकल्पाला त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना स्थापन केली, त्यांत कमलाबाईंचा समावेश होता. १९८२-८३ मध्ये त्यांनी या संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. संघटनेच्या 'कीमत' या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. दुकानातील वस्तूविषयी केलेला दावा तपासून पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, ही या चळवळीची भूमिका होती.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्ली येथे त्यांच्या सत्काराचा समारंभ आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीत त्यांचे निधन झाले.

गोळी आणि ताट

जीवनसत्त्वांच्या गोळ्या निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष कमलाबाईंच्या कार्यातून काढणे योग्य होणार नाही. काही परिस्थितींत गोळी अत्यावश्यक असते. गर्भधारणेपूर्वी आणि गर्भारपणाच्या सुरुवातीच्या काळात घेतलेले फोलिक आम्ल बाळाच्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील काही जन्मजात दोष टाळते. गर्भवतींना लोह व फोलिक आम्लाच्या, तर बालकांना अ जीवनसत्त्वाच्या मात्रा शासकीय आरोग्य कार्यक्रमांतून दिल्या जातात. ब-१२ हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या केवळ प्राणिज पदार्थांतून मिळते. त्यामुळे दूधही वर्ज्य करणाऱ्या शाकाहारी व्यक्तींना ते पूरक रूपात घ्यावे लागते.

मात्र गरज नसताना गोळ्या घेण्याने लाभ होतोच असे नाही. अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात आणि त्यांचा अतिरेक अपायकारक ठरतो. गर्भारपणात अ जीवनसत्त्वाची जास्त मात्रा बाळालाही घातक ठरू शकते. म्हणून अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. नीरेसारखे पेयही याला अपवाद नाही. त्यात साखर भरपूर असल्याने मधुमेहींनी सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे.

दुसरीकडे, ताटातील छोटे बदल मोठे काम करतात. जेवणात लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळी व पालेभाज्यांमधील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास हे शोषण कमी होते. भात आणि डाळ एकत्र खाल्ल्याने दोन्हींतील प्रथिनांची उणीव परस्परांकडून भरून निघते. भिलाईतील कामगाराच्या डब्यातील भात-डाळ असो किंवा कोकणातील वालाचे बिरडे, या साध्या अन्नाची ताकद योग्य तऱ्हेने शिजविण्यात आणि योग्य जोडीने खाण्यात असते.

वेष्टनावरील आकड्यांपेक्षा शरीराला प्रत्यक्ष काय मिळते हे महत्त्वाचे, ही दृष्टी कमला सोहोनी यांनी भारतीय पोषणविज्ञानाला दिली. ज्या संस्थेने प्रारंभी त्यांना प्रवेश नाकारला, तेथूनच त्यांनी डाळींच्या अभ्यासाला आरंभ केला आणि तो अखेर सामान्य ग्राहकाच्या हक्कांपर्यंत नेला. त्यांच्या कार्याचे मोल यातच आहे.